सोलो म्हणजे एकटं नव्हे, बॉस!

पुण्यात नोकरी, बारामती-इंदापूरकडे घर आणि पहिल्या पगारात घेतलेली गिटार. असे वीकेंड-रॉकस्टार माझ्या ओळखीत ढिगाने आहेत. सगळ्यांचा प्रॉब्लेम एकच : बॅण्ड पुण्यात आणि शनिवार-रविवार गावी. मग सोलोची प्रॅक्टिस करायची कुणाबरोबर?

कॉम्प्युटरबरोबर! ‘बॅण्ड-इन-अ-बॉक्स’ हे सॉफ्टवेअर १९९० पासून हेच तर करतंय. कॉर्ड्स टाइप करा, स्टाइल आणि टेम्पो निवडा. ड्रम्स, बेस, पियानो हजर. मोबाइलवर ‘आयरियल प्रो’ आहेच. पण नुसता ट्रॅक लावून बोटं पळवली की सोलो होत नाही. ती होते जिन्याची चढ-उतार.

इथे थोडी थिअरी लागते. ए मायनर, एफ, सी, जी ही चार कॉर्ड्सची फेरी घ्या. यावर आपण सगळे ए मायनर पेंटॅटॉनिक झोडतो. ‘ए’ला सा मानलं तर हे चक्क धानी रागाचे स्वर : सा, कोमल ग, म, प, कोमल नि. झकास! पण जी कॉर्डचा जीव असतो ‘बी’मध्ये, आणि तो शुद्ध रे या पाचांत नाहीच. म्हणून कॉर्ड बदलते, पण आपला सोलो जागचा हलत नाही.

उपाय सोपा आहे. टेम्पो ६० वर आणा. प्रत्येक कॉर्डवर एकच स्वर धरा : सी, ए, ई, बी. म्हणजे प्रत्येकीची ‘थर्ड’. हे मुक्काम पक्के झाले की मग त्यांच्यापर्यंत पोचायच्या वाटा शोधा.

ही आयडिया इम्पोर्टेड आहे असं समजू नका. तबल्याचा सोलो लेहऱ्यावरच चालतो. हार्मोनियमवर तीच ओळ फिरत राहते, तबलावादक मनसोक्त हिंडतो आणि बरोब्बर समेवर येतो.

फरक एवढाच, की हार्मोनियमवाल्याला कान असतात, ट्रॅकला नसतात. तुकोबांची पालखी बारामतीहून बेलवाडीचं रिंगण करून इंदापूरकडे जाते, तेव्हा एखाद्या दिंडीजवळ थांबून बघा. गाणारा चढला की पखवाज चढतो, टाळ चढतात. हे कुठलंही सेटिंग देत नाही.

तेव्हा आठवडाभर सॉफ्टवेअर, आणि वीकेंडला गावातल्या भजनी मंडळातले पेटीवाले काका. त्यांना म्हणा, “काका, एवढी एक ओळ धरून ठेवता का?” चहा मात्र तुमच्याकडून!