चलान आलं? आधी फोटो उघडा

‘ई-चलान भरायची घाई कशाला? साचू दे. लोकअदालतीत निम्म्यात मिटतं.’ हा सल्ला हल्ली प्रत्येक सोसायटीत ऐकू येतो. तो चुकीचा आहे. आणि ‘कॅमेरा खोटं बोलत नाही, मुकाट्यानं भरून टाका’ हा त्याच्या उलट सल्लाही तितकाच चुकीचा आहे.

लोकअदालत हे तडजोडीचं ठिकाण. तिथे सूट मिळेलच असा हक्क कायद्यानं कुणाला दिलेला नाही आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही. चूक मान्य असेल त्यानं तिथे खुशाल जावं. पण ज्याची गाडी त्या रस्त्यावर नव्हतीच, त्यानं तडजोड कशाची करायची?

‘ही सगळी सरकारी वसुली’ हा आक्षेप तर बोरघाटात टिकतच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाटीवर ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. वेग ६०चा १०० झाला, की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर जवळपास पावणेतीन पट होतं. उतारावर हे अंतर आणखी वाढतं. खोपोलीकडे उतरताना वळणापलीकडे कंटेनर रांगत असतो, तेव्हा ते अंतर आणायचं कुठून? कॅमेऱ्यांची कमान दिसली की ब्रेक आणि ओलांडली की पुन्हा ॲक्सिलरेटर, ही युक्तीही दोन कमानींमधला सरासरी वेग काढला की उघडी पडते. मर्यादा खरंच मोडली असेल तर दंड भरावा, आणि लगेच भरावा.

पण वेग अचूक मोजला म्हणून नंबरही अचूक वाचला, असं होत नाही. चिखलानं ८चा ३ दिसतो. दुसऱ्याचा नंबर लावून फिरणाऱ्या गाड्याही आहेत. म्हणून चलान आलं की रकमेआधी फोटो पाहा, मोठा करून पाहा: गाडीचा रंग, मॉडेल, बंपरवरचा पोचा, तारीख, वेळ, ठिकाण. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला १६७-अ हा नियम पोलिसांवरही बंधनं घालतो. नंबर स्पष्ट दिसणारा फोटो हवा, यंत्रानं मोजलेला वेग हवा, कोणतं कलम मोडलं ते हवं. नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक हवा आणि यंत्राच्या मंजुरीचं दरवर्षी नूतनीकरण हवं.

यातलं काही खटकलं, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करा, सोबत आपल्या गाडीचे फोटो जोडा. गाडी दुसरं कुणी चालवत असेल आणि पोलिसांनी विचारलं, तर चालकाचं नाव सांगणं कलम १३३नुसार मालकाचं कर्तव्यच आहे. तक्रार फेटाळली गेली तरी न्यायालयाचं दार बंद होत नाही. गुन्हा नाकबूल करा. तो सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची आहे.

एक-दोन हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, असं विचारतात. खेप पडते, रोजगार बुडतो, हे खरं आहे. म्हणूनच तक्रारीचा निकाल पहिल्या पायरीवर नीट लागला पाहिजे. फेटाळताना नुसता ‘नामंजूर’ असा शेरा चालणार नाही. कोणता फोटो पाहिला, काय पडताळलं आणि तक्रार का अमान्य केली, हे अधिकाऱ्यानं स्वतःच्या नावानिशी लिहून दिलं पाहिजे.