डीएनएच्या सांगाड्यावर विद्युत-परिपथ

संगणकाची चिप म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने कोरलेला विद्युत-परिपथ. रेषा जितक्या बारीक, तितकी यंत्रे महाग. कोरण्याऐवजी रेणूच जोडून परिपथ उभारता येईल का, याचे उत्तर डीएनएमध्ये शोधले जात आहे.

डीएनएची दुपेडी साखळी अवघी २ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाच्या दुप्पट, रुंद असते. तिच्या चार घटकांपैकी ए हा टीशीच आणि सी हा जीशीच जुळतो. हा नियम ठाऊक असल्याने साखळीचा आकार आधीच ठरवता येतो. २००६ मध्ये अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या पॉल रोथेमुंड यांनी एका विषाणूच्या सुमारे ७,००० घटकांच्या लांब धाग्यात दोनशेहून अधिक आखूड धागे मिसळले. मिश्रण तापवून निवू देताच धाग्यांनी आपोआप घड्या घालून तारे व हसरे चेहरे घडवले.

मात्र डीएनए स्वतः चांगला वीजवाहक नाही. त्याचे काम स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखे, आकार देण्याचे. १९९८ मध्ये इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेत डीएनएवर चांदी चढवून १२ मायक्रोमीटर लांबीची वीजवाहक तार तयार करण्यात आली.

खरी कसोटी अचूकतेची आहे. चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात; तेथे शेकडा एक चूकही परवडत नाही. २००९ मध्ये आयबीएम व कॅलटेक यांच्या संशोधकांनी कोरलेल्या पृष्ठभागावर डीएनएचे आकार नेमक्या जागी बसवले. जागा जुन्या तंत्राने आखावी आणि बारीक काम डीएनएने करावे, असा हा मेळ आहे. चुका आटोक्यात आल्या, तरच त्यातील काटकसर पदरी पडेल.