सामाईक टपालपेटी

समजा तुमच्या विज्ञान मंडळाचे ४० सभासद आहेत आणि त्यांचा पत्रव्यवहार संगणकावरील टपाल-यादीने चालतो. यादीच्या पत्त्यावर एकाने पत्र धाडले की ते चाळीसही जणांना पोहोचते. सोय मोठी खरी. पण पुढील वर्षी नवा सभासद आला, तर आधीची पत्रे त्याला कोठून मिळणार?

यावरील उपाय जुनाच आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली ‘आयमॅप’ ही पद्धत आखली. तीत पत्रे मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवरच राहतात. आपण ती तेथे जाऊन वाचतो. वाचनालयात एकच अंक मेजावर ठेवतात ना, तशी यादीची एकच पेटी सर्वांस खुली ठेवता येते. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर त्याची स्वतंत्र ओळखखूण असते व उत्तरात मूळ पत्राची खूण नोंदलेली असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा वादही सलग लावता येतो. मात्र सर्वांना एकच परवलीचा शब्द वाटू नये. वाचणाऱ्यास फक्त वाचण्याचीच मुभा हवी, नाहीतर एखाद्याच्या चुकीने सारी पेटी रिकामी व्हायची!

पण एवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. ‘याहू ग्रुप्स’वर असंख्य मंडळांची पत्रे साठली होती. २०१९ साली कंपनीने ती काढून टाकण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद केली. जी पत्रे कोणीच उतरवून घेतली नव्हती, ती गेली. याउलट कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात (होय, प्राणिशास्त्र!) हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळात ‘यूजनेट’ या चर्चाजाळ्यातील संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. त्या १४१ फितींमुळे सुमारे वीस लाख संदेश वाचले व २००१ मध्ये सर्वांना पाहावयास मिळाले.

तेव्हा पेटी सामाईक असावी, पण तिची प्रत आपल्याजवळ हवी. दरमहा एका सभासदाने सारी पत्रे साध्या मजकुराच्या रूपात उतरवून दुसऱ्या जागी ठेवावीत. पत्रे जपली जातात, हे शिक्षकांनी सभासदांना प्रथमच सांगावे, म्हणजे कोणी घरगुती गोष्टी तेथे लिहिणार नाही. आणि जागा तरी किती लागते? छायाचित्रे वगळून एक पत्र ४ किलोबाइटचे धरले, तर १०,००० पत्रे अवघ्या ४० मेगाबाइटांत मावतात.