गुडघेदुखी : इंजेक्शनाआधी व्यायाम का हवा?

पन्नाशी ओलांडली की घरोघरी एक वाक्य ऐकू येते : ‘गुडघ्यातले वंगण संपले, आता चालणे कमी करा.’ या वाक्यात दोन गफलती आहेत. ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये फक्त वंगण आटत नाही. कूर्चा, हाड, सांध्याचे अस्तर, भोवतीचे स्नायू असा सगळा सांधाच बदलतो. दुसरे म्हणजे, चालणे थांबवले की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि सांध्याचा आधार आणखी कमी होतो.

पहिला उपचार कोणता?
मांडीच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि वजनावर नियंत्रण. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे २००५ च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. वेदनेवर आधी दाहशामक मलम लावावे. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. त्यांचा पोट, मूत्रपिंड आणि हृदयाला त्रास होऊ शकतो.

इंजेक्शनांचे काय?
स्टेरॉइडचा आराम काही आठवड्यांपुरता असतो. ‘वंगणा’चे, म्हणजे हायल्युरोनिक आम्लाचे इंजेक्शन देऊ नये, असे ‘नाइस’ म्हणते. पीआरपीच्या जाहिराती जोरात असतात. पण ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर वेदना आणि कूर्चा या दोन्ही बाबतींत ते सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही.

शस्त्रक्रिया टळते का?
अनेकांची निदान लांबते. डेन्मार्कमध्ये गुडघा बदलण्यास पात्र असलेल्या १०० रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्या गटातील साधारण चौथ्या हिश्शालाच वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना अधिक कमी झाली, पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त दिसली. म्हणजे शस्त्रक्रिया वाईट नाही. ती पहिली पायरी नाही, इतकेच.

अडचण अशी, की व्यायामाचे पॅकेज विकता येत नाही. म्हणून चिठ्ठीच्या तळाशी ‘थोडा व्यायाम करा’ एवढेच उरते. रुग्णाने तिथेच विचारावे : कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, किती आठवडे? फिजिओथेरपिस्टकडून तो शिकून घ्यावा, बारा आठवडे नेटाने करावा. सुरुवातीला थोडे दुखते, म्हणून सोडू नये. मात्र गुडघा लाल होऊन सुजला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी हजारोंचे इंजेक्शन घेण्याआधी हे तीन महिने स्वतःच्या गुडघ्याला द्यायलाच हवेत.