हाताला नव्हे, लाकडाला सवय लावा

टेबल टेनिसची बॅट पेनासारखी धरणाऱ्यांची अंगठ्याजवळची कातडी सोलवटते. ‘सवय होईल’ म्हणत मीही वर्षभर पट्टी बांधून खेळलो. कडा टोचू नये म्हणून पकड आवळत गेली आणि मनगट धरले. दोष पकडीचा नव्हे. चीनच्या मा लिनने २००८ च्या ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्णपदक याच पकडीने मिळवले. माझे मत स्पष्ट आहे, पालकांनी मुलांचे दुखणे अंगावर काढू देऊ नये. अंगठा व तर्जनी टेकते तेथील लाकडाच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गोल कराव्यात. नियमाला फळी सपाट व ताठ हवी, आकाराचे बंधन नाही. मात्र थोडे घासावे, धरून पाहावे. गेलेले लाकूड परत येत नाही. तरीही बोटे बधिर होत असतील, तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.