अपुऱ्या कथेचे ऋण

कादंबरी वाचून कोणाचे डोळे भरून आले की आपल्याकडील सुजाण मंडळी स्मित करतात. आणि ती कादंबरी मायावी शक्ती व राक्षसी सेना यांनी भरलेली असली, तर त्या स्मिताचा उपहास व्हायला वेळ लागत नाही. रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकी लेखकाच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालेचा चौदावा आणि अखेरचा खंड, ‘अ मेमरी ऑफ लाइट’, जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मिटताना अनेक प्रौढ वाचकही गहिवरले. त्यांची टवाळी करण्यापूर्वी कारण पाहावे.

पहिला खंड १९९० चा. पंधराव्या वर्षी ज्याने तो हाती घेतला, तो शेवटच्या पानाशी अडतिशीत पोहोचला. तोवर लेखकच उरला नव्हता. व्हिएतनाम युद्धात लढलेला जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ रोजी, ५८ व्या वर्षी, दुर्धर व्याधीने गेला. रुग्णशय्येवरून त्याने कथेचा शेवट कुटुंबीयांना सांगून ठेवला होता. अखेरचा प्रसंग तर स्वतःच रचला होता. त्याची पत्नी हॅरिएट मॅक्डूगल हीच त्याची संपादक. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने जॉर्डनला वाहिलेली श्रद्धांजली तिच्या वाचनात आली आणि तिने हे काम त्याच्याकडे सोपवले. तोही या मालेचा किशोरवयापासूनचा वाचक! एका खंडाचे काम वाढत वाढत तीन खंडांचे झाले.

येथे बाणभट्टाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने ‘कादंबरी’ हा शब्द घेतला, तो ग्रंथ बाणाच्या मृत्यूने अर्धवट राहिला आणि त्याच्या पुत्राने पूर्ण केला. कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, तर कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांचे दुःख पाहून आपण हे आरंभले, असे त्या पुत्राने नम्रपणे सांगितले आहे. सँडरसनची भूमिका याहून फारशी वेगळी नव्हती.

लेखणी बदलली हे जाणवते, यात शंका नाही. मॅट या खट्याळ पात्राचा सूर प्रारंभी बिघडला, हे सँडरसननेही मान्य केले. शेवटच्या खंडातील महायुद्धाचे एकच प्रकरण सुमारे दोनशे पानांचे आहे. ते काहींना दमवते. पण त्याच प्रकरणात एग्वेन ही खेड्यातून आलेली, स्वकर्तृत्वाने सर्वोच्च पदी पोहोचलेली तरुणी इतरांना वाचवण्यासाठी प्राणार्पण करते, आणि दोन दशके तिच्या सोबत चाललेल्या वाचकाला घरचे माणूस गेल्यासारखे वाटते. शिवाय या कथेत काळ हे फिरते चक्र आहे, युगे परततात आणि नायक रँड पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे वाहतो. भारतीय वाचकाला हे सारे ओळखीचे वाटावे, यात नवल नाही.

सर्वांत हलवून जातो तो मात्र शेवट. शेकडो पाने सँडरसनची वाचल्यावर अखेरच्या प्रसंगात मूळ लेखकाचाच आवाज ऐकू येतो. पाच वर्षांपूर्वी गेलेला माणूस परतून निरोप घेतो आहे, असे वाटते. जॉर्डनच्या मनात याच विश्वातील पुढच्याही कथा होत्या. या यशानंतर त्या लिहिल्या असत्या तर हातोहात खपल्या असत्या. मॅक्डूगल आणि सँडरसन यांनी त्या न लिहिण्याचे ठरवले.