कच्चं मडकं

आषाढ जवळ आला, की मला एक रजेचा अर्ज आठवतो. निळ्या शाईतला, जेमतेम पाच ओळींचा. आमच्या शाखेतले शिपाई वारीसाठी दरवर्षी तो द्यायचे आणि मी दरवर्षी मंजूर करायचो. एका वर्षी मात्र ‘कार्यालयीन निकड’ असा शेरा मारून मी तो नामंजूर केला. निकड कसलीच नव्हती. राग होता.

झालं होतं असं, की पेन्शनसाठी येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी तक्रारवहीत लिहिलं होतं, ‘मॅनेजर मान वर करून बोलत नाहीत.’ इन्स्पेक्शनच्या शेऱ्यांना उत्तरं देऊन देऊन माझा हात चांगलाच बसलेला. मी खाली सुबक अक्षरात लिहिलं, ‘ग्राहकाचा गैरसमज झाला आहे. तक्रार निराधार.’ वही उचलताना शिपाई हळूच म्हणाले, “साहेब, उत्तर झकास लिहिलंत. पण बाई खरं बोलत होत्या.”

त्या वेळी मी गप्प राहिलो. महिन्याभराने त्यांचा अर्ज टेबलावर आला, तेव्हा माझ्या पेनाने उत्तर दिलं.

कीर्तनात नामदेवांची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेरच्या गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. वयाने सर्वांत धाकट्या मुक्ताबाईंनी कुंभाराचं थापटणं पाहून विचारलं, हे कशासाठी? मडकं पक्कं की कच्चं ते ओळखायला, असं उत्तर मिळालं. मग आमचीही पारख करा, असं त्या म्हणाल्या. काका एकेकाच्या डोक्यावर थापटू लागले. सगळे शांत बसले. नामदेव तेवढे उसळले, आणि ‘हे मडकं कच्चं’ असा निकाल लागला.

प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा भक्त, आणि त्याला हे ऐकावं लागलं! ते रागावले, दुखावले, पंढरपुरी देवापाशी गाऱ्हाणं घेऊन गेले. पण देवानेही त्यांची बाजू घेतली नाही. गुरू कर म्हणाला. नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. मला या गोष्टीतलं मोठेपण इथे दिसतं. नामदेव रागावलेच नाहीत, असं परंपरा सांगत नाही. रागावले, आणि तरी गेले. आपल्या लाडक्या संताची ही फजिती महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ ग्रंथातही राहू दिली; ती झाकावी असं कुणाला वाटलं नाही.

बँकेत दोष दाखवला गेला, की आमच्याकडे दोन उत्तरं तयार असत. एक, ‘गैरसमज’. दुसरं, ‘नोंद घेतली आहे’. पहिल्यात अहंकार उघड दिसतो. दुसरं अधिक फसवं, कारण ते नम्र वाटतं आणि बदलत काहीच नाही. घरातही आपण दुसरं काय करतो? सून काही बोलली, मुलाने चूक दाखवली, की ‘बरं बाबा, माझंच चुकलं’ म्हणून विषय मिटवतो. ती नम्रता नसते. तो दार लावून घेण्याचा सभ्य प्रकार असतो.

मात्र एक सावधगिरी हवी. नम्रतेचा उपदेश बहुधा वरून खाली वाहतो. चोखामेळ्यांना कुणी नम्रता शिकवायची? देवळाबाहेर उभं राहून त्यांनी अभंगांतून विटाळाबद्दल प्रश्न विचारले. समाजाने ते अभंग शतकानुशतकं गायले, म्हणजे नोंद घेतली. पण पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हायला १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. टीका ऐकून घेणं निराळं आणि तिच्यामुळे उठून दार उघडणं निराळं. आत्मपरीक्षण आधी त्याने करायचं, ज्याच्या हातात दाराची कडी आहे. माझ्या हातात रजेचा अर्ज होता.

मंगळवेढ्याला गावकुस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणणारे नामदेवच, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि समोरच नामदेवांची पायरी. येणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. डोक्यावरची एक थाप ज्यांना सोसली नव्हती, त्यांनी ही जागा मागावी!

निवृत्तीनंतर एका आषाढात शोधत शोधत मी त्या शिपायांच्या दिंडीपर्यंत पोचलो. रजेचा विषय काढला. निकड नव्हती, राग होता, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, “मला माहीत होतं, साहेब.” एवढंच. ‘जाऊ द्या’ म्हणाले नाहीत, आणि ते बरंच झालं. मग वारकऱ्यांच्या रीतीने ते माझ्या पाया पडायला वाकले. मीही वाकलो, पण त्यांच्यानंतर.

त्या बाईंना सांगायचं मात्र राहून गेलं. तक्रारवहीतलं माझं ते सुबक उत्तर अजून तसंच असेल. पुढच्या वेळी कुणी चूक दाखवली, तर उत्तर लिहिण्याआधी एकदा मान वर करून पाहावं, एवढं त्या दोघांनी मला शिकवलं. मडकं अजून भट्टीतच आहे.